कौलांय मोजा

कोकणात घर पडायला वादळ लागत नाही, माणूस नसला की पुरतं. आमच्या मालवण तालुक्यात वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. माकडाच्या उडीने छपरावरचा एक नळा, म्हणजे हाताने घडवलेलं कौल, सरकला की खालची रीप भिजते, रिपेचं पाणी वाशाला, वाशाचं भिंतीच्या माथ्याला. मातीची भिंत एकदा पाणी प्यायली की वाळवी आलीच. पहिल्या पावसात गळती, दुसऱ्यात वासा, तिसऱ्यात भिंत, असा साधारण क्रम. वाडीत फिरलात तर अशी घरं दिसतील: पुढच्या दाराचं कुलूप शाबूत आणि मागे छप्पर नाही. त्या कुलपाची चावी बहुधा डोंबिवलीला किंवा विरारला कुणाच्या तरी कपाटात असते.

आमचं घर 1976 साली आजी गेली तेव्हा बंद झालं, निदान गावच्या लेखी. ते अजून उभं आहे याचं कारण पाणंदीपलीकडची काकी. बाबा तिला वयनी म्हणत, ती बाबांना भावजी. नात्याने ती आमची कुणी नाही. भावकी वेगळी, आडनाव वेगळं, देवळातला मान वेगळा. नवरा लवकर गेलेला, पदरात दोन मुलं, थोडी भातशेती आणि एक म्हैस. आजीचं बारावं-तेरावं उरकलं तेव्हा बाबांची गिरणीतली रजा संपत आली होती. दाराला कुलूप लावून झाल्यावर चावी कुणाकडे ठेवायची याचा विचार करायलाही सवड नव्हती. समोर काकीचं घर. बाबांनी चावी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, 'वयनी, अधनंमधनं बघा.' पुढची पन्नासएक वर्षं या एका वाक्यावर निघाली. लेखी काही नाही, पगार ठरला नाही, मुदतही नाही.

'अधनंमधनं' किती, ते तिचं तिनेच ठरवलं. सकाळी आपलं खळं झाडून झालं की आमचं. पाचोळा साचू द्यायचा नाही, कारण पाचोळ्यात फुरसं येऊन बसतं. तिन्हीसांजेला तुळशीकडे दिवा. अधूनमधून दारं-खिडक्या उघडून घरात वारा खेळवायचा, सणवार आला की जमीन सारवायची. शेणाने सारवलेली जमीन दोन-चार महिने तशीच टाकली तर तिला भेगा जातात, पोपडे निघतात, आणि मग कुदळीने खणून नव्याने चोपण्याशिवाय इलाज नसतो. घरपट्टीची मागणी आली की पैसे पदराला बांधून ग्रामपंचायतीत जायचं आणि बाबांच्या नावाची पावती देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवायची.

खरं काम होतं धुराचं. काकी वर्षाचं भात उकडायची ते आमच्या मागच्या पडवीत, आमच्या चुलीवर. उकड्या तांदळासाठी भात मोठ्या भाणात उकळून घ्यायचं, उन्हात वाळवायचं आणि मग गिरणीवर न्यायचं. तिच्या घरात चूल होती, जागाही होती. तरी भाण डोक्यावर घेऊन ती पाणंद ओलांडून आमच्याकडे यायची आणि चुलीत मुद्दाम एखादं ओलसर लाकूड सारायची. पडवीतला धूर माजघरात, माजघरातला माळ्यावर, तिथून वाशांना लागत लागत नळ्यांच्या फटींतून बाहेर. 'घराक धूर लागाक होयो,' एवढंच तिचं म्हणणं. कुठल्याही जुन्या घरात चुलीवरचे वासे सगळ्यांत जास्त टिकतात आणि ओटीवरचे आधी जातात, हे तिने पाहिलेलं होतं. दुरून बघणाऱ्याला मात्र एवढंच दिसायचं, की शेजारीण आमच्या घरात शिरून, आमची लाकडं जाळून स्वतःचं भात उकडते. हे दुरून बघणारे पुढे येणारच आहेत.

घराची खबर मुंबईला यायची ती पोस्टकार्डाने. तेव्हा कार्ड 15 पैशांना होतं. काकीला लिहायला येत नव्हतं, त्यामुळे कार्डावरचं अक्षर दर काही वर्षांनी बदलायचं. सुरुवातीला शाळेतल्या गुरुजींचं, वळणदार, पहिल्या चार ओळी नुसत्या साष्टांग नमस्कारात घालवणारं. मग तिच्या मुलीचं. ती सासरी गेल्यावर मुलाचं, घाईघाईचं, रेघ सोडून खाली उतरणारं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जिल्ह्यात साक्षरतेचे वर्ग निघाले, काकी रात्री कंदील घेऊन त्या वर्गाला जाऊ लागली, आणि मग एक कार्ड आलं ते तिच्या हातचं. मोठी, एकमेकांपासून लांब उभी राहिलेली अक्षरं. मजकूर असा: 'मागचे दाराची बिजागरी गेली. काथ्याने बांधले. फणस बरे लागले. माकडे खातात. घर बरे आहे.' अक्षर कुणाचंही असो, शेवटचं वाक्य ठरलेलं. कार्ड हातात पडलं की बाबा आधी ती शेवटची ओळ वाचायचे आणि मग वर जायचे.

मी लहानपणी हे सगळं गृहीत धरलेलं होतं. गणपतीला जायचं, घर उघडं आणि स्वच्छ असायचं, आपण बॅगा ठेवायच्या. घर आपोआप तसं राहतं अशी माझी समजूत. ती गेली 1982 साली.

त्या वर्षी 18 जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. सुरुवातीला चाळीत उत्साह होता, रोज सभा, रोज घोषणा. मग वाण्याने उधारी थांबवली आणि एकेक बिऱ्हाड गावची एसटी धरू लागलं. माझी नववीची परीक्षा झाली आणि आम्हीही निघालो. कामगारांना गाव होतं म्हणून संप इतका टिकला, असं त्या संपावर लिहिणारे सांगतात. खरंच आहे ते. पण गाव असून भागत नाही, गावात पाठ टेकायला छप्परही असावं लागतं. आमच्याच वाडीतला एक जण त्या उन्हाळ्यात परत आला तेव्हा त्याच्या घराची एक भिंत बसलेली होती. बायको-मुलांना घेऊन तो चुलतभावाच्या पडवीत राहिला. पाऊस संपायच्या आत दोघा भावांचं बोलणं बंद झालं, ते दोघे मरेपर्यंत बंदच राहिलं.

आम्ही सकाळी पोचलो. काकीने कुलूप काढलं. जमीन सारवलेली, न्हाणीत पाणी भरलेलं, चुलीपाशी लाकडं रचलेली. माळ्यावर वळीत बांधलेलं भात होतं ते काकीचं, त्यातलंच काढून तिने आदल्या दिवशी कांडून आणलं होतं. आईने दुपारी भात टाकला. जेवणं झाल्यावर आई न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाबा ओटीवर बसून बिडी ओढत होते. काकी म्हणाली, आता काही दिवस दिवा तुमचा तुम्ही लावा, माझं तेवढंच एक काम कमी. आणि आपल्या म्हशीकडे निघून गेली.

त्याच मे महिन्यात मी पहिल्यांदा नळे परतताना पाहिले. एरवी बाबा पैसे पाठवायचे आणि काकी गडी लावून काम करून घ्यायची. त्या वर्षी गड्याला द्यायला पैसे नव्हते, म्हणून बाबा स्वतःच छपरावर चढले. वीस-पंचवीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस. वाशावर पाय कुठे द्यायचा, भार कुठे टाकायचा हे काकी खालून ओरडून सांगत होती. परतायचं म्हणजे सगळे नळे उतरवायचे, झाडायचे, फुटके बाजूला काढायचे आणि पुन्हा बसवायचे. एक ओळ उताणी, दोन उताण्या ओळींच्या कडांवर एक पालथी. नळा कुंभाराने हाताने केलेला, पातळ, दोन नळे कधी सारखे नसतात. काकी खळ्यात बसून प्रत्येक नळा उचलायची आणि बोटाच्या पेराने त्याच्यावर टकटक करायची. खणखणीत वाजला की वर, बद्द वाजला की बाजूला. डोळ्यांना न दिसणारी चीर तिच्या कानाला कळायची. मी शेजारी बसून शिकले. दुपारपर्यंत मलाही बरंच जमायला लागलं होतं, अर्थात माझे निवडलेले नळे ती पुन्हा एकदा वाजवून बघायचीच.

माजघराच्या भिंतीवर ठिकठिकाणी कोळशाच्या फुल्या होत्या. मला वाटलं पोरांचा खेळ असेल. त्या काकीच्या होत्या. पावसात जिथे थेंब गळेल त्याच्या जवळच्या भिंतीवर ती फुली मारून ठेवायची, गळती मोठी असेल तर दोन फुल्या. मे महिन्यात छप्पर ठणठणीत कोरडं असतं, तेव्हा पाणी कुठून येत होतं हे कोण सांगणार? बाबा वरून विचारायचे, 'हय काय ओ, वयनी?' ती दारातून भिंतीकडे बघून म्हणायची, 'जरा पुढे. थंय दोन फुल्यो आसत.' काम झालं की ओल्या फडक्याने सगळ्या फुल्या पुसायच्या, पुढच्या पावसासाठी भिंत मोकळी. आम्ही मुंबईत सुखाने झोपत होतो त्या रात्री ही बाई कंदील घेऊन आमच्या माजघरात फिरायची आणि भिंतीवर कोळशाने आमच्या छपराचा नकाशा काढायची. त्या फुल्या पाहिल्या नसत्या तर कदाचित आजही मी काकीबद्दल 'शेजारच्या बाई खूप चांगल्या आहेत' यापलीकडे काही बोलले नसते.

मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागला आणि राखणीचे दिवस आले. आमच्याकडे त्या सुमाराला जागेच्या राखणदाराला कोंबडा किंवा नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात. पाऊस नीट पडो, शेतात सापाकिरडापासून रक्षण होवो, घरावर काही संकट न येवो. त्या वेळी बाबांना कळलं की एवढी वर्षं आमच्या घराची राखण कधी चुकलीच नव्हती. कोंबडा काकीचा, नाव आमचं, आणि गाऱ्हाण्यात मुंबईला असलेल्या लेकरांचाही उल्लेख. पैसे किती झाले असं बाबांनी विचारलं. ती म्हणाली, देवाकामाचे पैसे विचारायचे नसतात.

मी दहावी गावच्या हायस्कुलातून झाले. नंतर आम्ही मुंबईला परतलो. बाबांना गिरणीत परत घेतलं नाही. उपनगरातल्या एका सोसायटीत त्यांना रात्रीच्या वॉचमनची नोकरी लागली. खाकी सदरा, शिट्टी, दांडा, बारा तासांची पाळी. दुसऱ्यांची घरं राखण्याचा पगार हातात येऊ लागला तशी बाबांनी काकीच्या मनिऑर्डरची रक्कम वाढवली. आई म्हणाली, परवडायचं नाही आपल्याला. बाबा म्हणाले, 'माझी पाळी सकाळी सातला सुटते.' एवढंच. आईने पुन्हा तो विषय काढला नाही. पुढे फंडाचे पैसे आले तेव्हा बाबांनी नळे काढून मंगलोरी कौलं घातली. आई कानातल्यांसाठी थांबली होती, ती थांबूनच राहिली.

काकी वाढीव पैशांचं काय करायची? पुढच्या कार्डात हिशेब यायचा: गड्यांना इतके, चुन्याला इतके, उरलेले ठेवले आहेत. स्वतःसाठी काय घेते हेही ती लपवायची नाही. विहिरीजवळच्या माडाचे नारळ, फणस, आणि खळ्याच्या कडेचं गवत म्हशीला. बाबांना हे माहीत होतं. त्यांच्या मते ते कमीच होतं.

सगळ्यांचं मत तसं नव्हतं. 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, आणि ज्यांना गावच्या जमिनीचा गट नंबरही ठाऊक नव्हता त्यांना अचानक सातबारा आठवू लागला. आमचे मोठे काका त्यांतले. घर सामाईक, त्यामुळे त्यांचाही वाटा. कुळकायद्यात कुणाकुणाच्या जमिनी गेल्या त्याच्या गोष्टी ऐकत ती पिढी वाढलेली. घर राखायला दिलं की घर गेलं, ही भीती त्यांच्या हाडात होती. भीती समजू शकते. पण त्या वर्षी गणपतीला आल्यावर त्यांनी विहिरीजवळच्या माडाचे नारळ मोजले, महिन्यांनी गुणले, वर्षांनी गुणले, आणि ओटीवर सगळ्यांसमोर आकडा सांगितला. काकी तेव्हा आमच्याच माजघरात मोदकांसाठी खोबरं किसत होती. ती हात पुसत बाहेर आली. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली, 'नारळ मोजूचे आसतीत तर मोजा. पडलेली कौलांय मोजा.'

मोठ्या काकांनी स्टॅम्प पेपर आणलेलाच होता. माझा या घरावर काही हक्क नाही, मी फक्त देखरेख करते, असा मजकूर. बाबा म्हणाले, दादा, हे बरं नाही. मोठे काका म्हणाले, व्यवहार तो व्यवहार. काकीने कागद घेतला, एकेक अक्षर लावत पूर्ण वाचला आणि खाली सही केली. अंगठा उठवला नाही, सही केली, आणि सही करताना तिला घाई नव्हती. मग कमरेची चावी सोडवून कागदावर ठेवली. 'मगे ही चावी पण घेवा.'

मोठ्या काकांचं दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं आरक्षण होतं. चावी घेऊन ते करणार काय? ती कागदावर तशीच पडून राहिली. शेवटी आईने ती उचलली, काकीच्या हातात दिली आणि तिला आत घेऊन गेली. मोदक झाले, आरती झाली. तो कागद मोठ्या काकांनी ठाण्याला नेला. पुढे त्यांच्या मुलांना तो सापडलाही नाही.

मी तोवर फोर्टमध्ये एका वकिलांच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून स्थिरावले होते, त्यामुळे असल्या कागदांची किंमत मला कळायची. 2012 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आमच्या कचेरीत फार वाचला गेला. प्रकरण गोव्यातलं, बहीण-भावाचं. घर बहिणीचं, ताबा भावाचा. देखभाल करणारा, पहारेकरी किंवा नोकर कितीही वर्षं ताब्यात असला तरी त्याला त्या मालमत्तेत हक्क मिळत नाही, कारण तो ताबा मालकाच्या वतीने असतो, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. निकाल योग्यच आहे. असा आधार नसेल तर कुणी कुणाच्या हातात चावी देणार नाही आणि मग कोकणातली उरलीसुरली घरंही बसतील. मोठे काका हयात असते तर मी त्यांना प्रत नेऊन दिली असती, म्हणजे त्यांना शांत झोप लागली असती. पण मालकाच्या वतीने किती गोष्टी कराव्यात याला काही सीमा? काकीने आमच्या वतीने घरपट्टी भरली, राखण दिली, दरवर्षी गणपतीचा पाट मूर्तिशाळेत नेऊन मूर्तिकाराला दिला, आणि 2020 साली तर गणपतीच बसवला.

त्या वर्षी चतुर्थी 22 ऑगस्टला होती. गावी येणाऱ्यांना विलगीकरणाच्या अटी, माझ्या भावाला दम्याचा त्रास, आई अंथरुणाला. आम्ही निघू शकलो नाही. आमच्याकडचा गणपती चुकल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. काकीचा मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला, ते बंद पडल्यामुळे गावीच होता. त्याने मूर्ती आणली. काकीने गणपतीवरच्या माटवीला तेरडा, हरणं, कवंडळ, सुपारीचा घड, तवसं असं सगळं बांधलं, आपल्या घरी आणि आमच्याही. आमच्या भावकीत कुजबुज झाली, की दुसऱ्या आडनावाच्या माणसाने पूजेला बसायचं कसं. भटजींना फोन केला. ते म्हणाले, रोजचा दिवा चालतो, मग पूजा का चालू नये? विषय संपला. त्या दीड दिवसात आरतीची मंडळी आधी पाणंदीपलीकडे आणि मग आमच्या खळ्यात. दूर्वा, नैवेद्य, विसर्जनाची शिदोरी, काही म्हणजे काही राहिलं नाही.

पुढच्याच वर्षी 16 मे, रविवार. तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं. वीज गेली, फोन गेले. आम्ही मुंबईत मोबाईल हातात घेऊन बसलो होतो आणि बातम्यांत देवगडच्या बंदरातल्या बुडालेल्या होड्या दिसत होत्या. काही दिवसांनी काकीच्या मुलाचा फोन लागला. आमच्या पडवीवर फणस आडवा झालेला, पुढच्या बाजूची कौलं उडालेली, दोन वासे मोडलेले. त्यांचीही कौलं उडाली होती. ताडपत्री एकच मिळाली, कारण सगळ्या तालुक्याला तेव्हा ताडपत्रीच हवी होती. ती आमच्या घरावर टाकली होती.

मला राहवलं नाही. काकीला फोन द्यायला सांगितलं आणि जवळजवळ भांडलेच. आधी स्वतःचं घर झाकायचं सोडून आमचं का झाकलं? तिचा आवाज शांत. 'आमच्याकडे गळला तर टोप ठेवूक मी आसंय. थंय कोण आसा?'

यावर काय बोलणार? बोललेच नाही काही. पैसे पाठवले. कौलांचा भाव त्या महिन्यात चढलेला, गडी मिळत नव्हते, आणि मिरग तोंडावर. मुलाने आणि काकीने मिळून मोडलेल्या फणसाचीच लाकडं टेकू म्हणून लावली. त्या पावसात आमचं घर कोरडं राहिलं आणि त्यांच्या माजघरात आषाढ-श्रावणभर टोप मांडलेले होते, हे मला वाडीतल्या दुसऱ्या एका बाईने नंतर सांगितलं. काकीने सांगितलं नाही.

आजीने तिच्या दोन्ही बाळंतपणांत तेल-पाणी केलं होतं, थोरली पोर जगली ती आजीच्या हातगुणाने, असं ती कधीतरी म्हणाली होती. तिच्या बाजूने हिशेब तिथून सुरू होत असावा. तसं असेल तर आजीने केलेल्या चार आठवड्यांच्या तेल-पाण्याचं व्याज आम्ही पन्नास वर्षं खाल्लं.

आता काकी ऐंशीच्या घरात आहे. गुडघे गेले. पाऊस सुरू झाला की मुलगा तिला गोव्याला घेऊन जातो, दिवाळीनंतर ती परत येते. मी निवृत्त झाले आणि वर्षातले बरेच महिने गावी असते. तिच्या घराची चावी माझ्याकडे. तिच्या माजघराच्या भिंतीवर गेल्या पावसाच्या फुल्या माझ्या आहेत. गोव्याहून तिचा फोन येतो तेव्हा आधी घराचं विचारते आणि मग माझं. मी नळे वाजवून घेतले तरी तिला अजून पटत नाही. परत आली की ती एकदा स्वतः वाजवून बघते.

ज्यांची घरं गावाला बंद आहेत आणि कुणीतरी ती राखतंय, त्यांना एवढंच सांगायचं आहे. कौलांचे पैसे आणि माणसाचे पैसे वेगवेगळे पाठवा, नाहीतर माणसाचे पैसेही ते कौलांतच घालतात. त्यांच्या छपराची चौकशी करा. गणपतीला गेलात तर त्यांच्या घरी आधी जा. आणि जे काय पाठवायचं ते शिमग्याला पाठवा, मे महिन्यात गडी मिळत नाहीत.